न्यूपोर्टची हुर्यो आणि न्यूपोर्टच्या टाळ्या

2024 साली आलेल्या 'अ कम्प्लीट अननोन' या चित्रपटात शेवटाकडे एक प्रसंग आहे. साल 1965. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातलं न्यूपोर्ट गाव. उघड्या मैदानावर लोकसंगीताचा महोत्सव भरला आहे. चोवीस वर्षांचा बॉब डिलन साधी गिटार बाजूला ठेवून विजेवरची गिटार गळ्यात अडकवून उभा आहे, मागे ड्रम आणि ऑर्गन दणाणताहेत. गर्दी खवळली आहे. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, 'जूडास!' येशूचा घात करणाऱ्या शिष्याचं नाव.

ही आरोळी खरीच दिली गेली होती. फक्त ती न्यूपोर्टला दिली गेली नव्हती. ती दिली गेली 17 मे 1966 रोजी, इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात, फ्री ट्रेड हॉल नावाच्या बंदिस्त सभागृहात. म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांनी आणि अटलांटिक महासागराच्या पलीकडे. गंमत अशी की त्या मँचेस्टरच्या कार्यक्रमाची चोरटी ध्वनिफीत कित्येक वर्षं 'लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली' म्हणून हातोहात फिरत होती. 1998 मध्ये ती अधिकृतपणे प्रकाशित झाली, तेव्हासुद्धा मुखपृष्ठावर ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत राखलं गेलं, कारण लोक तिला त्याच नावाने ओळखत होते. मँचेस्टरला जन्मलेली आरोळी फितीवरून लंडनला गेली आणि चित्रपटातून न्यूपोर्टला पोचली.

दिग्दर्शकाला यात फार दोष देता येणार नाही. साठ वर्षं श्रोते जे करत आले तेच त्याने केलं. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या रात्रींचे अनुभव एका रात्रीत कोंबले. 25 जुलै 1965 च्या त्या संध्याकाळी मैदानात पंधरा-सतरा हजार माणसं होती. त्यांनी नंतर जे सांगितलं त्यातून इतिहास तयार झाला. डिलनवर पुस्तकांचे ढीग पडले आहेत, त्यात भर घालायची नाही. मला कुतूहल आहे ते समोर बसलेल्या माणसांचं. त्यांनी काय ऐकलं, काय सांगितलं, आणि सांगता सांगता काय विसरलं याचं.

*

न्यूपोर्ट हे लोकसंगीताला शोभणारं गाव मुळीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या गर्भश्रीमंतांनी इथे समुद्रकाठी उन्हाळी महाल बांधले. व्हँडरबिल्ट घराण्याचा 'द ब्रेकर्स' हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. अशा गावात जॉर्ज वीन नावाच्या पियानोवादक आयोजकाने 1954 मध्ये जॅझ महोत्सव सुरू केला आणि 1959 मध्ये त्याला लोकसंगीत महोत्सवाची जोड दिली. पहिल्याच वर्षी बॉब गिब्सनचा पाहुणा म्हणून अठरा वर्षांची एक मुलगी मंचावर आली, कार्यक्रमपत्रिकेत जिचं नावही नव्हतं. ती जोन बाएझ. दुसऱ्या वर्षीच्या जॅझ महोत्सवात तरुणांची दंगल झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, आणि पुढची दोन वर्षं लोकसंगीत महोत्सव झालाच नाही.

1963 मध्ये तो परत उभा राहिला तो निराळ्या पायावर. वीनच्या सोबतीला आता पीट सीगर, त्याची पत्नी तोशी आणि गायक-अभिनेता थिओडोर बिकेल ही मंडळी होती. महोत्सव नफ्यासाठी चालवायचा नाही, कारभार कलावंतांच्या मंडळाने पाहायचा, आणि प्रत्येक कलावंताला सारखंच मानधन द्यायचं, 50 डॉलर, शिवाय प्रवास आणि राहण्या-जेवणाचा खर्च. ज्याच्या तबकड्या लाखांनी खपतात त्यालाही 50 आणि जो आयुष्यात पहिल्यांदाच गावाबाहेर पडून आला आहे त्यालाही 50. जो पैसा उरेल तो खेड्यापाड्यांतल्या गायक-वादकांना शोधण्यासाठी आणि त्यांचं संगीत जतन करण्यासाठी वापरायचा.

हा नियम कागदावरच राहिला नाही. त्या वर्षीच्या श्रोत्यांनी मिसिसिपी जॉन हर्टला ऐकलं. 1928 मध्ये या माणसाने काही तबकड्या केल्या होत्या, मग तो आपल्या अ‍ॅव्हलॉन गावी शेतीवर राबत राहिला. त्याच्याच एका जुन्या गाण्यात गावाचं नाव होतं. त्यावरून माग काढत 1963 मध्ये एक तरुण चाहता त्याच्या दारात पोचला. पस्तीस वर्षं जग ज्याला विसरलं होतं तो सत्तरीचा म्हातारा काही महिन्यांत हजारो मुलांसमोर बसून मंद हसत गिटार वाजवत होता.

मरी लर्नर हा चित्रपटकार 1963 ते 1966 अशी चार वर्षं तिथे कॅमेरा घेऊन फिरला. त्यातून 1967 मध्ये 'फेस्टिव्हल!' हा माहितीपट झाला. त्यात मंचाइतकंच मैदान दिसतं. रात्र उघड्यावर काढून पहाटे अंथरुणाच्या पिशव्यांतून बाहेर येणारी मुलं, ज्याच्या त्याच्या हातात बँजो नाहीतर गिटार, वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाबरोबर सुरू झालेलं गाणं. दिवसा मैदानभर छोट्या छोट्या कार्यशाळा चालत. केंटकीच्या डोंगरातला वादक गवतावर बसलेल्या घोळक्याला बोटं कशी फिरवायची ते दाखवी, शहरातली कॉलेजची मुलं प्रश्न विचारत, लगेच आपल्या वाद्यावर करून बघत. तिथे आलेल्याला आपण 'प्रेक्षक' आहोत असं वाटतच नसे. गाणं सगळ्यांचं, आणि म्हणून आपलंही, हा त्या तीन-चार दिवसांचा मुख्य अनुभव होता.

1963 चा शेवट तर पुढे दंतकथाच झाला. सीगर, बाएझ, डिलन, बिकेल, पीटर-पॉल-मेरी हे त्रिकूट आणि दक्षिणेतल्या नागरी हक्क चळवळीतून आलेले कृष्णवर्णीय 'फ्रीडम सिंगर्स' हातात हात गुंफून मंचावर उभे राहिले आणि 'वी शॅल ओव्हरकम' गायले. 'हम होंगे कामयाब' म्हणून आपण शाळेत जे गायलो, तेच हे गाणं. महिन्याभरात, 28 ऑगस्टला, वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा निघाला, तिथेही यांच्यातले बरेच जण गायले. मैदानातल्या मुलांच्या दृष्टीने गाणं आणि चळवळ ही एकाच हाताची दोन बोटं होती.

आणि यासाठी किंमत मोजलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पीट सीगरला 1955 मध्ये संसदेच्या समितीने कम्युनिस्टांशी असलेल्या संबंधांबद्दल जाब विचारला होता. त्याने उत्तरं द्यायला नकार दिला. 1961 मध्ये त्याला त्याबद्दल शिक्षा झाली, ती पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयात रद्द झाली, पण दूरचित्रवाणीचे दरवाजे त्याला पुढेही बंदच राहिले. लोकगीत गाणं म्हणजे बाजाराच्या आणि सत्तेच्या बाहेर उभं राहणं, असं ही मुलं मानत होती ती हवेत नाही.

*

1965 कडे जाण्यापूर्वी 1964 च्या एका प्रसंगाजवळ थांबायला हवं. तो सहसा कुणी सांगत नाही.

लुइझिआना राज्याच्या दक्षिण भागात फ्रेंच बोलणारे केजन लोक राहतात. 1921 च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांत इंग्रजी ही एकमेव माध्यमभाषा केली. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. दोन पिढ्या अशा गेल्या की आईबापच मुलांशी घरची भाषा बोलायला कचरू लागले. या लोकांचं फिडल आणि अकॉर्डियनवरचं संगीत शनिवारच्या नाचाला चाले. पण शिकल्यासवरल्या केजन घरांत ते गावंढळ म्हणून नाकं मुरडण्याचा विषय होतं.

महोत्सवातर्फे कलावंत शोधत फिरणारा राल्फ रिन्झ्लर तिथे पोचला आणि त्याने तिघांना न्यूपोर्टला बोलावलं. ग्लेडियस तिबोदो, विनेस लज्यून आणि ऐनवेळी बदली म्हणून आलेला ड्यूई बाल्फा. बाल्फा मुळात फिडलवादक, इथे त्याच्या हाती गिटार आली. हे लोक तिकडे जाऊन आपली शोभा करून घेणार, अशा अर्थाचं त्यांच्याकडच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाने आधीच लिहून ठेवलं होतं. बाल्फा पुढे सांगत असे की तोवर घरगुती बैठकी आणि लहानसे नाचघर यापलीकडे त्याने गर्दीच पाहिली नव्हती. न्यूपोर्टला समोर होते 17,000 लोक. वाजवून झालं आणि ते सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात, यांना मंचावरून उतरू देईनात.

त्या लोकांना एक शब्दही कळला नव्हता, हे लक्षात घ्या. फ्रेंच येणारे त्यातले थोडे, आणि केजन फ्रेंच समजणारे त्याहून थोडे. तरीही ते उभे राहिले. बाल्फा घरी परतला तो या टाळ्यांचा प्रतिध्वनी आपल्या माणसांपर्यंत पोचवायचाच, असं ठरवून. त्याचं काय झालं ते शेवटी पाहू.

*

आता ती प्रसिद्ध रात्र.

1965 मध्ये महोत्सव नव्या, मोठ्या मैदानात हलला होता. 1964 मध्ये एकूण हजेरी 70,000 च्या घरात गेली होती, जुनी जागा पुरेना. नव्या जागेत मंचापासून शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर वाढलं होतं आणि सगळी भिस्त कर्ण्यांवर आली होती.

वातावरण आधीच तापलेलं होतं. 'सिंग आउट!' या लोकसंगीताच्या मासिकाचा संपादक अर्विन सिल्बर याने नोव्हेंबर 1964 मध्येच डिलनला उद्देशून एक अनावृत पत्र छापलं होतं. तुझी नवी गाणी तुझ्यापुरतीच उरली आहेत, तू लोकांपासून तुटतो आहेस, असा त्याचा सूर. महोत्सवाच्या शनिवारी आणखी एक ठिणगी पडली. शिकागोहून आलेल्या पॉल बटरफिल्डच्या ब्लूज बँडची ओळख करून देताना लोकसंगीताचा थोर संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स कुजकट बोलला. हा बँड गोऱ्या-काळ्या तरुणांचा मिळून होता आणि विजेच्या वाद्यांवर वाजवत होता. डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन त्यावरून लोमॅक्सला भिडला आणि ही दोन अवाढव्य, प्रतिष्ठित माणसं सगळ्यांदेखत धुळीत एकमेकांशी झोंबली. विजेची वाद्यं डिलनने न्यूपोर्टला पहिल्यांदा आणली हा समज मात्र चुकीचा आहे. बटरफिल्डच्या बँडने ती आधीच वाजवली होती आणि श्रोत्यांनी ती आवडीने ऐकलीही होती.

त्याच बँडमधला गिटारवादक माइक ब्लूमफिल्ड, बासवादक जेरोम आर्नल्ड आणि ड्रमवादक सॅम ले यांना, अधिक अल कूपर आणि बॅरी गोल्डबर्ग यांना घेऊन डिलनने शनिवारी रात्री घाईघाईने तालीम केली. रविवारी संध्याकाळी कझिन एमी ही केंटकीची बँजोवाली आजी गाऊन गेली. तिच्यानंतर डिलन आला. त्याच्या पाठोपाठ जॉर्जियाच्या बेटांवरची कृष्णवर्णीय मंडळी त्यांची परंपरागत गाणी गाणार होती. डिलनच्या जमावाने 'मॅगीज फार्म'ने सुरुवात केली, मग पाचच दिवसांपूर्वी बाजारात आलेलं 'लाइक अ रोलिंग स्टोन', मग आणखी एक. तीन गाणी झाली आणि सगळे मंचावरून उतरले. कारण साधं होतं, त्यांची तीनच बसली होती.

मैदानात गलका उसळला. सूत्रसंचालक पीटर यारो ध्वनिक्षेपकावर येऊन लोकांना समजावू लागला की डिलन परत येतोय, साधी गिटार आणायला गेलाय. डिलन आला, एकटाच. माउथ ऑर्गन हव्या त्या पट्टीचा नव्हता, म्हणून त्याने समोर बसलेल्यांकडेच मागितला. काळोखातून मंचावर माउथ ऑर्गन खडाखडा येऊन पडले. मग त्याने 'मिस्टर टँबरीन मॅन' आणि 'इट्स ऑल ओव्हर नाऊ, बेबी ब्लू' अशी दोन गाणी गायली आणि तो गेला. न्यूपोर्टच्या मंचावर तो परत आला थेट 2002 मध्ये, खोटी दाढी आणि टोप लावून.

ते माउथ ऑर्गन मला या सगळ्या कथेतला सर्वांत बोलका तपशील वाटतो. ज्या गर्दीने याची हुर्यो उडवली म्हणतात, त्याच गर्दीतल्या अनेकांच्या खिशात माउथ ऑर्गन होता, आणि मागताच त्यांनी तो भिरकावला. समोर कलावंत आणि खाली गिऱ्हाईक, असा हा मामला नव्हताच. ती भाऊबंदांची सभा होती. आणि भाऊबंदकी कशी असते ते कोणाला सांगायला नको.

*

हुर्यो कशाबद्दल? इथून साक्षी फुटतात.

एक साक्ष सांगते, विजेच्या गिटारबद्दल. लोकांना ही बेइमानी वाटली. आपला माणूस बाजाराला विकला गेला, असं वाटलं. पुस्तकांतून, लेखांतून आणि चित्रपटांतून पुढे आली ती हीच साक्ष.

दुसरी साक्ष सांगते, आवाजाबद्दल. अल्पावधीत ध्वनियंत्रणा जुळवताना गोंधळ झाला होता. गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर मंचावर, समोरच्या रांगांकडे तोंड करून. गाणाऱ्याचा आवाज मात्र कर्ण्यांतून. त्यामुळे पुढे बसलेल्यांना गिटारचा कल्लोळ ऐकू येत होता आणि शब्द बुडत होते, तर मागे बसलेल्यांना त्यामानाने नीट ऐकू येत होतं. डिलनला लोक ऐकत ते मुख्यतः त्याच्या शब्दांसाठी. शब्दच ऐकू न आल्यावर पुढचे लोक ओरडणारच.

तिसरी साक्ष सांगते, वेळेबद्दल. सगळ्यांना सारखं मानधन आणि जवळपास सारखाच वेळ हा तिथला शिरस्ता. पण बरेच लोक दूरदूरून आले होते ते डिलनसाठी. तो तीन गाणी, जेमतेम पाव तास वाजवून उतरला तेव्हा ते भडकले. अल कूपरने आयुष्यभर हेच सांगितलं. महोत्सवाच्या कारभारात असलेला लोकसंस्कृतीचा अभ्यासक ब्रूस जॅक्सन यानेही ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून लिहिलं की लोक ओरडत होते ते डिलनवर नव्हे, 'वेळ संपली' असं सुचवणाऱ्या यारोवर.

चौथी साक्ष सांगते, हुर्यो फारशी नव्हतीच, टाळ्या पुष्कळ होत्या.

लर्नरचं चित्रीकरण आज कुणालाही पाहता येतं. त्यात टाळ्याही ऐकू येतात आणि आरडाओरडही. पण कुठली आरोळी संतापाची, कुठली 'आणखी एक!'ची, आणि कुठली 'आवाज कमी करा'ची हे एका गोंगाटातून वेगळं काढता येत नाही. एलायजा वॉल्डने 2015 मध्ये या रात्रीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि श्रोत्यांच्या कितीतरी आठवणी शेजारी शेजारी मांडल्या. त्या वाचताना लक्षात येतं की या साक्षी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. मैदान एवढं मोठं होतं की पुढच्या रांगेतली रात्र आणि मागच्या रांगेतली रात्र या दोन वेगळ्या रात्री होत्या. बसायची जागा बदलली की इतिहास बदलत होता.

पीट सीगरच्या कुऱ्हाडीची गोष्टही अशीच. तो कुऱ्हाड घेऊन विजेची तार तोडायला धावला, अशी आख्यायिका आहे. त्याने स्वतः पुढे सांगितलं ते इतकंच, की आवाज इतका फाटत होता की शब्द कळेनात, हातात कुऱ्हाड असती तर मी तार तोडली असती, असं मी म्हणालो. त्याच महोत्सवात लाकूड फोडताना म्हणायची श्रमगीतं खऱ्या कुऱ्हाडी चालवून सादर झाली होती. लोकांनी कुऱ्हाड पाहिली होती आणि सीगर संतापलेलाही पाहिला होता. कुऱ्हाड सीगरच्या हातात द्यायला स्मरणशक्तीला फार कष्ट पडले नाहीत.

*

पण आठवण एकदा गोष्ट झाली की ती पुढच्या घटना घडवू लागते. न्यूपोर्टनंतर महिन्याभराने, 28 ऑगस्टला, डिलन न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स टेनिस मैदानावर गायला. पूर्वार्ध एकट्याने, उत्तरार्ध बँडसोबत. इथे आवाज बरा होता, कार्यक्रम पुरेसा लांब होता. म्हणजे न्यूपोर्टच्या चार साक्षींपैकी दोन कारणं उरली नव्हती. तरी उत्तरार्धात जोरात हुर्यो उडाली. कूपरचं म्हणणं असं की लोक न्यूपोर्टच्या बातम्या वाचून आले होते, अशा वेळी काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक झालं होतं. आणि तेच लोक 'लाइक अ रोलिंग स्टोन' सुरू होताच सोबत म्हणू लागले, गाणं संपल्यावर पुन्हा हुर्यो! तिथून हा विधी डिलनच्या दौऱ्याबरोबर गावोगाव फिरला आणि मँचेस्टरला त्याला एक शब्द सापडला. न्यूपोर्टच्या श्रोत्यांनी जे केलं त्यापेक्षा त्यांनी जे सांगितलं त्याचा परिणाम मोठा झाला.

पुढे चित्र उलटलं. 1965 चा डिलन जिंकला, रॉक संगीत हीच त्या पिढीची भाषा झाली, आणि हुर्यो उडवणारे हास्यास्पद ठरले. नवं काही स्वीकारता न येणाऱ्या कर्मठांचा नमुना म्हणून त्यांचा दाखला दिला जाऊ लागला. आता 'मी तिथे होतो' म्हणणाऱ्यांत 'आणि मी टाळ्या वाजवत होतो' म्हणणारे वाढले. डिलनची ती स्ट्रॅटोकास्टर गिटार 2013 मध्ये लिलावात 9,65,000 डॉलरला गेली. 2015 मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, तीच गिटार न्यूपोर्टच्या मंचावर आणून वाजवली गेली. 1965 मध्ये जन्मलेलेही नव्हते अशा हजारो लोकांनी तिचं स्वागत केलं. 50 डॉलरच्या महोत्सवाची सर्वांत मौल्यवान आठवण साडेनऊ लाखांची निघाली.

मला त्या ओरडणाऱ्यांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यातल्या ज्यांना खरोखर राग आला होता, त्यांना गिटारच्या तारेतून वीज जाते की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना तीन वर्षं सांगितलं गेलं होतं की इथे कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, गाणं सगळ्यांचं आहे, खाली बसलेल्याचंही आहे. डिलनच्या त्या तीन गाण्यांत सोबत म्हणायला जागा नव्हती. इतक्या मोठ्या आवाजापुढे समूहाचा आवाज उरत नाही, ऐकून घ्यावं लागतं. आपण गायक होतो, आता श्रोते झालो, हे त्यांना त्या पाव तासात जाणवलं असणार. डिलनचं बरोबर होतं, कलावंताने कुणाच्या कल्पनेत बंदिस्त का राहावं? पण त्यांचंही काहीतरी जात होतं, आणि ते परत आलं नाही. महोत्सव 1969 नंतर बंद पडला. 1985 मध्ये फोर्ट अ‍ॅडम्स या जुन्या किल्ल्याच्या आवारात तो पुन्हा सुरू झाला आणि आजही चालतो. पण गाणं आणि चळवळ ही एकाच हाताची बोटं असल्याची 1963 मधली ती खात्री त्याच्याबरोबर परतली नाही.

*

राहता राहिला ड्यूई बाल्फा.

1964 च्या टाळ्या घेऊन तो लुइझिआनाला परतला. न्यूपोर्टच्या शिलकी पैशातून रिन्झ्लरच्या मदतीने तिथल्या जत्रांमध्ये पारंपरिक वादकांच्या स्पर्धा सुरू झाल्या. 1967 मध्ये बाल्फा आपल्या भावांना घेऊन न्यूपोर्टला पुन्हा वाजवून आला. 1968 मध्ये लुइझिआना सरकारने फ्रेंचच्या जतनासाठी परिषद स्थापन केली. ज्या भाषेसाठी मुलांना शिक्षा होत होती ती आता शाळेत शिकवायची ठरली. आणि 26 मार्च 1974 रोजी लाफायेत शहरात केजन संगीताचा पहिला मोठा सोहळा झाला. सुमारे 12,000 लोक आले.

त्या सोहळ्याची एक अट होती. नाचायचं नाही, बसून ऐकायचं. केजन संगीत म्हणजे नाचाच्या मागे वाजणारं काहीतरी, याचीच त्या माणसांना सवय होती. वादकाकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, आपल्याच भाषेतलं गाणं त्यांनी असं कधी ऐकलं नव्हतं. न्यूपोर्टच्या परक्यांनी ते दहा वर्षांपूर्वी ऐकलं होतं.

बाल्फा 1992 मध्ये वारला. 1964 च्या त्या दिवशी उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या 17,000 माणसांपैकी किती जणांनी पुढे तो अनुभव कुणाला सांगितला असेल? त्यातले पुष्कळ जण 1965 मध्येही आले असतील आणि आयुष्यभर त्यांना लोकांनी विचारलं असेल ते डिलनबद्दल, 'तू होतास ना तिथे? काय झालं होतं रे नक्की?' आणि त्यांनी आपापल्या रांगेतून जे ऐकू आलं ते सांगितलं असेल. न्यूपोर्टच्या हुर्योवर इतिहास लिहिले गेले. न्यूपोर्टच्या टाळ्यांमुळे लाफायेतला 12,000 माणसं आपलंच संगीत ऐकायला शांत बसली. बहुतेक टाळ्या वाजवणाऱ्यांच्या कानावर ते कधी गेलंही नसेल.